पत्रिकेतला 'ह'

आमच्या घरी एका लोखंडी ट्रंकेत सगळ्यांच्या पत्रिका कापडी पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या असायच्या. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ आले होते, त्यांना पत्रिकेतलं कळायचं म्हणे. ओटीवर चहा चालला होता आणि मी मधल्या खोलीत गोट्या मोजत बसलो होतो. तेवढ्यात त्यांचा आवाज आला, "हा सगळा घोळ हर्षलचा आहे." माझ्या पोटात गोळाच आला, कारण आदल्या दिवशी शेजारच्या काकूंची लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली होती आणि ते कुणाला कळलेलं नाही असा माझा समज होता. "हर्षल आठव्यात जाऊन बसलाय, तो कसला सुखानं जगू देतोय," असंही ते पुढे म्हणाले. मी उठलो, ओटीवर गेलो आणि सरळ कबूल करून टाकलं की बरणी मी फोडली, पण मुद्दाम नाही फोडली.

पुढची दहा मिनिटं ओटीवर कोण किती हसलं ते सांगत नाही. बरणीचे पैसे मात्र आईनं दुसऱ्या दिवशी नेऊन दिले.

त्या संध्याकाळी आजोबांनी माझी पत्रिका काढून दाखवली. पिवळट कागद, चौकोनात तिरक्या रेघा मारून केलेली बारा घरं, आणि प्रत्येक घरात एकेक दोन-दोन अक्षरं कोंबलेली. र, चं, मं, बु, गु, असं सगळं. तूळ राशीच्या घरात कोपऱ्यात एक बारीकसा 'ह' होता, नंतर सुचल्यावर लिहिल्यासारखा. "हा तू," आजोबा म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे हा हर्षल. ग्रह. तू त्याच्यावरून."

मला तोवर शाळेत बाईंनी सांगितलेलं माहीत होतं की हर्ष म्हणजे आनंद आणि हर्षल म्हणजे आनंदी मुलगा. आईला विचारलं तर तीही तेच सांगायची, कारण नाव सुचवताना आजोबांनी तिलाही तेच सांगितलं होतं :) प्राथमिक शाळेतले मास्तर, पंचांगाचं गणित स्वतः शिकलेले, आणि नातवाला ग्रहाचं नाव ठेवायचं तेही अशा ग्रहाचं, जो ज्योतिषात विक्षिप्त, लहरी आणि अचानक उलथापालथ करणारा म्हणून बदनाम. सुनेला हे सांगून चालणार नाही एवढं त्यांना कळत होतं.

खरी गंमत मला कॉलेजात गेल्यावर कळली. हर्षल हे मुळात ग्रहाचं नावच नाही, ते माणसाचं आडनाव आहे. विल्यम हर्शेल. त्यानं १७८१ साली युरेनस शोधला आणि इंग्रजी ज्योतिषी त्या ग्रहाला बरीच वर्षं शोधणाऱ्याच्याच नावानं ओळखत राहिले. ते आपल्याकडे आलं आणि मराठी तोंडात बसता बसता हर्षल झालं. इतकं छान बसलं की आता कुणाला ते परकं वाटतही नाही, माझ्या वर्गात आम्ही दोन हर्षल होतो. युरेनसची जी खूण ज्योतिषी जगभर वापरतात तिच्यातही मधोमध इंग्रजी एच आहे, हर्शेलचा. म्हणजे आजोबांनी कोपऱ्यात लिहिलेला 'ह' आणि तो एच एकच. एका जर्मन बँडवाल्याचं आडनाव मी रोज सही करताना लिहितोय, आणि बारशाला पाळण्यातही त्याचाच पुकारा झाला होता.

बँडवाला म्हटलं ते अगदीच चुकीचं नाही. हर्शेल जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, बाप लष्करी बँडमध्ये, हाही तिथेच वाजवायचा. १७५७ साली इंग्लंडला आला आणि पुढे बाथ नावाच्या गावी एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी, वर शिकवण्या, वर मैफली. सिंफनी लिहायचा, दोन डझनभर लिहिल्यात त्यानं. आकाशाचं वेड मागाहून लागलं, पण लागलं ते असं की विकत मिळणाऱ्या दुर्बिणी पसंत पडेनात म्हणून स्वतःच आरसे घासायला बसला. तेव्हा दुर्बिणीचे आरसे काचेचे नसायचे, तांबं आणि कथील मिसळून ओतलेल्या धातूचे असायचे आणि ते तासन् तास हातानं घासून चकचकीत करावे लागायचे, मध्ये हात थांबला की आरशाचा आकार बिघडला. बहीण कॅरोलिन त्याच्या घरी राहायची, तिनं पुढे लिहून ठेवलंय की एकदा सलग सोळा तास तो आरशावरून हात काढेना तेव्हा ती त्याच्या तोंडात घास भरवत होती. मोठा आरसा ओतायला साचा लागायचा, तो घोड्याच्या लिदीचा. ती लीद कुटायची, चाळायची, हे काम घरातल्या सगळ्यांना. एकदा भट्टीच फुटली आणि वितळलेला धातू फरशीवर वाहत सुटला, फरशीचे दगड तडतडून उडायला लागले आणि तो, त्याचा भाऊ आणि कामगार जीव घेऊन पळाले. हे राहत्या घरात बरं का. आमच्याकडे मी गच्चीवर दुर्बिणीचा स्टँड ठेवला तर आईला वाळवणाची काळजी.

१३ मार्च १७८१ च्या रात्री घरामागच्या बागेत तो स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून, आरसा जेमतेम सव्वासहा इंचाचा, वृषभ राशीतले तारे एकेक करून तपासत होता. शोधायचं काही नव्हतं, रांगेनं सगळे तारे बघायचे असा त्याचा नेम होता. एक तारा त्याला वेगळा वाटला. त्यानं डोळ्याकडचं भिंग बदललं, आणखी मोठं करणारं लावलं, मग त्याहून मोठं. तारा कितीही मोठा करून बघा, तो ठिपकाच राहतो, इतका लांब असतो तो. हा मात्र भिंगाबरोबर मोठा होत गेला, गोल चकती दिसायला लागली. चार दिवसांनी परत पाहिलं तर जागाही बदललेली. त्याला वाटलं धूमकेतू सापडला, आणि धूमकेतू म्हणूनच त्यानं कळवलं. ग्रह आहे हे ठरवलं दुसऱ्यांनीच, गणित करून, कारण कक्षा जवळजवळ गोल निघाली आणि शनीच्या दुप्पट लांब. बुध ते शनि ही यादी माणसाला कधीपासून पाठ आहे कुणास ठाऊक, तिच्यात पहिल्यांदा एक नाव वाढलं आणि सूर्यमाला एका फटक्यात दुप्पट रुंद झाली.

मला ह्या सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट हर्शेलची नाहीच, त्याच्या आधीच्यांची आहे. कारण युरेनस तसा लपलेला नव्हता कधी. काळ्याकुट्ट रात्री, डोळे चांगले असले आणि नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक असलं तर तो दुर्बिणीशिवायही जेमतेम दिसतो. फ्लॅमस्टीड, इंग्लंडचा पहिला राजखगोलज्ञ, त्यानं १६९० साली त्याला पाहिलं आणि वृषभेतला चौतिसावा तारा म्हणून यादीत टाकलं. फ्रान्सच्या ल मॉनियेनं तर १७५० पासून पुढच्या वीस वर्षांत त्याला डझनभर वेळा पाहिलं, लिहूनही ठेवलं, त्यातल्या काही नोंदी लागोपाठच्या रात्रींच्या आहेत. मागच्या पानावरची नोंद आणि आजची नोंद शेजारी ठेवली असती तर तारा सरकलाय हे तिथल्या तिथे कळलं असतं. नाही ठेवली. पुढे लोकांनी ह्यावरून त्याची बरीच टिंगल केली, पण त्याचंही नशीब वाईट, त्यातल्या बऱ्याच वेळा युरेनस नेमका वळणावर होता, म्हणजे वक्री व्हायच्या (आकाशात उलटा सरकायला लागायच्या) नाहीतर मार्गी व्हायच्या (परत सरळ चालायला लागायच्या) बेतात, तेव्हा तो हलतोय असं वाटतच नाही. ही टिंगल मी स्वतः आता करत नाही, त्याचं कारण खाली येईलच.

नावाचा घोळ तर विचारू नका. हर्शेलनं ग्रहाला राजाचं नाव दिलं, जॉर्जचा तारा. तिसऱ्या जॉर्जनं त्याला वर्षाला दोनशे पौंडांची नेमणूक करून दिली आणि शिकवण्या सुटल्या. इंग्लंडबाहेर मात्र हे नाव कुणी घेईना. बोडे नावाच्या जर्मन खगोलज्ञानं सुचवलं की गुरूचा बाप शनि, तर शनीचा बाप युरेनस, ग्रीकांचा आकाशदेव, चालू द्या तसंच पुढे. १७८९ मध्ये क्लाप्रोथ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं नवीन धातू शोधला त्याला ह्या ताज्या ग्रहावरून युरेनियम म्हणाला. आणि इंग्रजांच्या सरकारी नाविक पंचांगात जॉर्जचं नाव १८५० पर्यंत चिकटून होतं, हट्ट म्हणजे हट्ट. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत प्रजापती म्हणतात, हिंदीत अरुण, शाळेच्या पुस्तकात युरेनस आणि पत्रिकेत हर्षल. एकाच पोराला आत्यानं, मामानं, शाळेनं आणि पुरोहितानं वेगवेगळं नाव ठेवावं तसं.

आजोबा ह्याच्यात केतकरांचं नाव हमखास काढायचे. व्यंकटेश बापूजी केतकर, ज्यांच्या गणितावर केतकी पंचांग उभं आहे. त्यांनी १९११ साली फ्रेंच खगोल संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहून नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असं मांडलं, नावंसुद्धा ठेवून टाकली, ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माला सूर्याभोवती फिरायला साधारण २४२ वर्षं लागतील म्हणाले. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याची फेरी २४८ वर्षांची. आजोबांच्या मते प्रश्न मिटला, शोध केतकरांचा. मी एकदा म्हटलं की आजोबा, प्लूटो फारच चिमुकला आहे, गणितातला तो हाच असं नाही म्हणता येत, जुळलं असेल योगायोगानं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

बरं, आता खुद्द ग्रहाकडे येतो, कारण नाव काय कुणाचंही असतं.

सूर्यापासून साधारण २८७ कोटी किलोमीटर. एवढे आकडे मला कळत नाहीत, म्हणून मी असं लक्षात ठेवलंय की आपल्याकडे सूर्याचा उजेड आठ-सव्वाआठ मिनिटांत येतो, तिकडे पोचायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे पुण्याहून कोरेगावला आमच्या घरी जायला लागतो तेवढा वेळ, खंबाटकीला ट्रॅफिक नसेल तर. तिथला सूर्यप्रकाश आपल्या पावणेचारशेव्या हिश्शाएवढा. ऐकायला अंधार वाटतो, पण हिशोब केला तर आपल्या पौर्णिमेच्या चांदण्याच्या हजारपट आहे, पेपर आरामात वाचता येईल. पेपर धरायला उभं राहायला जमीन मात्र नाही. पृथ्वीच्या चौपट रुंद, साडेचौदापट जड, वर हायड्रोजन आणि हेलियमचे थर आणि खाली पाणी, अमोनिया, मिथेन ह्यांचा दाबानं घट्ट झालेला, गरम, ना धड पातळ ना धड घट्ट असा रगाडा. शास्त्रज्ञ ह्याला बर्फाळ ग्रह म्हणतात, पण आपल्या डोळ्यासमोर जो बर्फ येतो तो तिथे नाही. वरचं हवामान मात्र गार म्हणजे किती गार, उणे २२४ अंशांपर्यंत नोंद आहे, नेपच्यून त्याच्याहून दीडपट लांब असूनही एवढा कमी आकडा तिथे मिळालेला नाही.

रंग फिकट निळसर हिरवा, वरच्या थरातला मिथेन सूर्यप्रकाशातला तांबडा रंग गिळून टाकतो म्हणून. आणि वास. २०१८ मध्ये हवाईतल्या मोठ्या दुर्बिणीनं त्याच्या ढगांच्या वरच्या भागात हायड्रोजन सल्फाइड असल्याचं नक्की झालं, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. ही बातमी माझ्या लेकीला मीच कौतुकानं वाचून दाखवली, ही चूक. तेव्हापासून मी ऑफिसातून आलो की ती नाकाला रुमाल लावते.

पण ह्या ग्रहाची खरी खोड म्हणजे तो आडवा आहे. बाकीचे ग्रह थोडेफार कलून, पण उभे उभे गिरक्या घेत सूर्याभोवती फिरतात, हा सरळ कुशीवर पडलाय. आस जवळजवळ ९८ अंशांनी कललेली. पूर्वी कधीतरी काहीतरी भलंमोठं येऊन आदळलं असावं असं बहुतेक जण मानतात. मी लोकांना सांगताना म्हणायचो की हा सूर्याला लोटांगण घालत प्रदक्षिणा करतो. देवळाभोवती ओल्या पंच्यानं लोटांगण घालणारी माणसं आपण पाहिलेली असतात, त्यामुळे सगळ्यांना पटकन कळायचं. मग एकदा लेकीला हेच सांगताना गादीवर लोळून दाखवायला गेलो आणि लक्षात आलं की उपमा अर्धीच बरोबर आहे. लोटांगण घालणारा माणूस कसा लोळतो, डोकं देवळाकडे, पाय बाहेर, आणि देऊळ वळेल तसा तोही वळत जातो, म्हणजे डोकं कायम देवाकडेच. युरेनस वळत नाही! त्याचं डोकं आकाशात ज्या दिशेला आहे त्याच दिशेला राहतं. त्यामुळे आत्ता जर डोकं सूर्याकडे असेल तर पाव फेरीनंतर तो सूर्यासमोर लांब आडवा झोपलेला असतो, भोक पाडणाऱ्या ड्रिलसारखा स्वतःभोवती फिरत पुढे सरकणारा, आणि अर्ध्या फेरीनंतर देवाकडे पाय! लेक म्हणाली, "बाबा, मग ते लोटांगण नाही, तो झोपेत लोळतोय." बरोबर आहे.

आणि एक फेरी ८४ वर्षांची असल्यामुळे ध्रुवावर दिवस उगवला की ४२ वर्षं मावळत नाही, आणि मावळला की ४२ वर्षं उगवत नाही. स्वतःभोवती तसा तो सव्वासतरा तासांतच फिरतो, पण ध्रुवावरच्याला त्याचा काय उपयोग, सूर्य डोक्यावर नुसता गोल गोल फिरतोय. १९८६ मध्ये दक्षिण ध्रुव सूर्यासमोर होता, २००७ मध्ये आडवा, आणि २०३० च्या सुमाराला उत्तर ध्रुव समोर येईल. तिथे जन्मलेल्या कुणाचं अर्धं आयुष्य एकाच रात्रीत गेलं असतं.

त्या १९८६ सालाबद्दल सांगायलाच हवं. आजवर फक्त एकदा, एकच यान युरेनसजवळून गेलं, व्हॉयेजर-२, २४ जानेवारी १९८६ ला, ढगांपासून साधारण ८१,५०० किलोमीटरवरून. नवे चंद्र सापडले, मिरांडा नावाच्या छोट्या चंद्रावर वीसेक किलोमीटर उंचीचा सरळसोट कडा दिसला, कळसूबाई एकावर एक अशा बारा ठेवल्या तर जेमतेम पुरतील. चुंबकीय क्षेत्र तर वेगळीकडेच कललेलं आणि मध्यातून निघतही नाही, बाजूला सरकलेलं. ग्रह स्वतः मात्र फोटोत अगदी कोरा, फिकट चेंडू, ढग नाहीत की पट्टे नाहीत. आणि चौथ्या दिवशी, २८ जानेवारीला, चॅलेंजर शटल उडाल्यावर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात माणसं गेली. व्हॉयेजरचे शास्त्रज्ञ त्याच दिवशी युरेनसबद्दल सांगायला बसणार होते. त्या दिवशी कुणाला त्या फिकट चेंडूचं काय पडलेलं असणार. त्यानंतर चाळीस वर्षं होत आली, तिकडे कुणी फिरकलेलं नाही.

युरेनसभोवतीच्या कड्यांची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण त्यात आपला कावलूर आहे. १० मार्च १९७७ ला तूळ राशीतला एक अंधुक तारा युरेनसच्या मागे जाणार होता, ह्याला पिधान म्हणतात. तारा झाकला जाताना त्याचा उजेड कसा कमी होत जातो त्यावरून ग्रहाच्या वातावरणाचा अंदाज येतो, म्हणून जगभर तयारी होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची तुकडी जेम्स एलियट ह्यांच्यासोबत दक्षिण हिंदी महासागरावर विमानात, विमानात बसवलेल्या दुर्बिणीला डोळा लावून. वेळेची खात्री नव्हती म्हणून त्यांनी यंत्रं बरीच आधी चालू केली, आणि तेच कामी आलं. कारण ग्रह ताऱ्यापाशी पोचायच्या कितीतरी आधीच ताऱ्याचा उजेड क्षणभर गेला, परत आला, परत गेला. असं पाच वेळा. आणि ग्रहामागून तारा बाहेर आल्यावर पुन्हा तसंच, उलट्या क्रमानं. म्हणजे ग्रहाभोवती काहीतरी गोल होतं, दोन्ही बाजूंना सारखं. कडी!

तमिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेत भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी हेही त्याच रात्री एक मीटरच्या दुर्बिणीतून तोच तारा बघत होते, त्यांनाही उजेड गेलेला दिसला. त्यांनी तो युरेनसचा नवा चंद्र असावा असं मांडलं आणि नेचर ह्या नियतकालिकात तसा लेखही आला. नंतर जगभरच्या नोंदी एकत्र लावल्यावर कळलं की सगळ्यांना दिसलं ते एकच. मला ह्यात कुणी हुकलं असं वाटत नाही, एकाच बाजूनं क्षणभर उजेड गेला तर कोण कडी म्हणेल हो? आता तेरा कडी माहीत आहेत, शनीसारखी मिरवणारी नाहीत, कोळशासारखी काळी आणि बरीचशी जेमतेम काही किलोमीटर रुंद. एवढ्या लांबून त्यांचा मागमूस एका ताऱ्याच्या लुकलुकण्यावरून लागला. मी जन्मलो ते पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, युरेनस अजून तूळ राशीतच होता, म्हणून माझ्या पत्रिकेत 'ह' तिथे.

एवढं सगळं वाचलेलं, पण मी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं नाव लावतोय आणि भेट नाही. पुण्याच्या आकाशात तर शक्यच नाही, आमच्या सोसायटीतून रोहिणी दिसली तरी आम्ही एकमेकांना बोलावतो. ह्या २०२५ च्या नोव्हेंबरात योग चांगला होता, २१ तारखेला युरेनसची प्रतियुती, म्हणजे सूर्य मावळला की हा पूर्वेला हजर, आणि आदल्याच दिवशी कार्तिकाची अमावास्या, चंद्राचा त्रास नाही. वर तो कृत्तिकांच्या जवळ, हाताच्या तीन-चार बोटांवर, त्यामुळे शोधायलाही सोपा. पंचांगातही कृत्तिकेतच आणि वक्री. १६९० मध्ये फ्लॅमस्टीडनं त्याला वृषभेत पाहिलं त्याला आता बरोबर चार फेऱ्या होत आल्यात, ८४ चोक ३३६, म्हणजे साधारण त्याच गल्लीत आलाय पुन्हा. मी चार दिवस रजा टाकली, लेकीच्या शाळेत काहीतरी कारण दिलं (ते लिहीत नाही) आणि कोरेगावला गेलो.

गच्चीवर थंडी चांगली होती. आईनं गोधडी दिली, बाबा मफलर गुंडाळून खुर्चीत. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, एक डोळा एकदम कोरा करकरीत. माझ्याकडे दहा-पन्नासची साधी दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगाची), स्टँडला बांधलेली. मोबाईलवर ॲप उघडलं, कृत्तिका पकडल्या, खाली सरकलो आणि बरोबर त्या जागी एक ठिपका सापडला. शेजारी अजून एक तसाच. ह्यातला जरा जास्त ठसठशीत तो युरेनस, मी जाहीर केलं. बाबांना दाखवला. ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "हिरवट आहे रे खरंच." मला तर भरूनच आलं. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला, आजोबांचा फोटो लावून, चौदा लोकांनी हात जोडले.

लेक मात्र वहीत चित्र काढत होती, दुर्बिणीत दिसतात ते सगळे ठिपके जसेच्या तसे, मी सांगितलं होतं म्हणून. जोडीचे दोन ठिपके, डावीकडे एक एकटा, वर तीन बारीक. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी आम्ही लग्नाला गेलो. पाचव्या रात्री, परत यायच्या आदल्या दिवशी, तिनं परत चित्र काढलं आणि दोन्ही पानं टॉर्चच्या उजेडात शेजारी धरली.

"बाबा, तुझा हर्षल जागचा हलला नाही."

मी म्हटलं, नीट बघ. तिनं नीट बघितलं. जोडीतले दोघंही होते तिथेच होते, वरचे तीन तिथेच. तो डावीकडचा एकटा मात्र जोडीकडे सरकला होता, अगदी थोडा, चंद्राच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असेल, पण दोन पानं शेजारी धरली की चक्क दिसत होता. मी पाच दिवस ज्याला नमस्कार केला आणि करवला तो कुठलातरी वृषभेतला साधा तारा होता. आणि माझा ग्रह शेजारी बसून सगळं बघत होता. ल मॉनियेसाहेब, माफी असावी.

ग्रुपवर दुरुस्ती टाकावी की नाही ह्यावर मी बराच विचार केला. नाही टाकली.

बाबांना मात्र सांगितलं. त्यांना परत खुर्ची सरकवून दिली, दुर्बीण खऱ्या ठिपक्यावर आणली. ते पुन्हा तितकाच वेळ बघत बसले. मी विचारलं, "मग, परवा हिरवट दिसला तो कसा काय?" तर म्हणाले, "तू म्हणालास हिरवट असतो, म्हणून दिसला."

मग त्यांनी विचारलं की तुझ्या पत्रिकेतल्या त्याच जागी परत कधी यायचा हा. म्हटलं, २०६२ मध्ये, मी ८४ चा होईन. हर्शेल स्वतः ८४ ला तीन महिने कमी असताना गेला, त्याच्या ग्रहाची एक फेरी जेमतेम हुकली, हेही सांगितलं. बाबांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. "म्हणजे तेव्हा तू माझ्यापेक्षा सात वर्षांनी म्हातारा," एवढं म्हणाले आणि मफलर नीट करत, जिना उतरताना हात धरायला लेकीला हाक मारली. ती वहीत तारीख घालत होती, आणि त्या सरकलेल्या ठिपक्याशेजारी तिनं बारीक अक्षरात 'ह' लिहिला होता.